लेकराला धरून आणू नये

त्यांना लोक तोंडावर वेडा म्हणायचे. मागून काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेवराईत हायवेला लागून एका आडत दुकानाच्या माडीवर त्यांचा दातांचा दवाखाना होता. खाली तुरीची पोती, वर डॉक्टर. जिना असा उभा, की दाढ दुखणारा माणूस वर पोचेपर्यंत त्याचे गुडघेही दुखायला लागायचे. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती. पेंटरकडून लिहून न घेता स्वतःच्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलेली: ‘लेकराला धरून आणू नये. धरणाऱ्याचा दात काढण्यात येईल. हुकमावरून.’ कुणाच्या हुकमावरून, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “लेकराच्या.”

मी भुलेची डॉक्टर. औरंगाबादेत शिकले, लग्न होऊन बीडला आले आणि माशा मारत बसले. बीडच्या सर्जन मंडळींचे भूलवाले ठरलेले होते, सगळे पुरुष, सगळे एकमेकांचे मित्र. मला कुणी विचारेना. अशात एक दिवस शेजारच्या एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली, गेवराईहून फोन आहे म्हणून. पलीकडून खर्जातला आवाज आला, “बाई, दाताच्या दवाखान्यात भूल द्यायला येता का? बारक्या लेकरांना?”

घरी सांगितलं तर सासरे पोट धरून हसले. “दात काढायला भूल? अगं, दात काढायला चार माणसं लागतात!”

आणि खरंच, तेव्हा तीच रीत होती. बापानं पाय धरायचे, चुलत्यानं हात, आईनं डोकं, आणि चौथ्यानं नाक दाबायचं म्हणजे तोंड आपोआप उघडतं. डॉक्टरनं चिमटा घालायचा. पोर ओरडायचं, हायवेवरचे ट्रक मुकाट वाटायचे. मग बाहेर आल्यावर सगळे त्या पोरालाच म्हणायचे, “काय रे, एवढ्याश्याला रडलास?”

पहिल्याच दिवशी मी इंजेक्शनं, मास्क, तोंडातली लाळ ओढायचं पायानं चालणारं सक्शन असा सगळा संसार घेऊन एसटीनं गेवराईत उतरले. कड्याच्या साखर कारखान्यातला एक क्लार्क आपल्या पाच वर्षांच्या पोराला घेऊन आला होता. पोरगं दाराच्या चौकटीला पालीसारखं चिकटलेलं. डॉक्टर उठले, दारापर्यंत गेले आणि त्या पोराला म्हणाले, “या साहेब. आपलीच वाट बघत होतो. बसा, च्या घेणार का?”

पोरगं बघतच राहिलं. त्याला आयुष्यात कुणी अहो म्हटलं नव्हतं.

मग ते क्लार्ककडे वळले. “तू इकडं ये बे. बस खुर्चीत.”

“मी? मला काय न्हाई झालं, डॉक्टर.”

“बस म्हणलं ना!”

सगळ्या पोरांना अहो आणि सगळ्या बापांना बे, हा त्यांचा नियम. सभापती असो की फौजदार, पोर घेऊन आला की तो बे. त्या दिवशी त्यांनी त्या क्लार्कला खुर्चीत आडवा केला, पोराच्या हातात बॅटरी दिली आणि म्हणाले, “साहेब, जरा तपासून सांगा, किती काळे हायेत.” पोरगं स्टुलावर चढलं. बापाच्या तोंडात तंबाखूनं जो उच्छाद मांडला होता तो बघून त्याचे डोळे गोल झाले. एक, दोन, तीन करत त्यानं अकरापर्यंत मोजले. त्याला पुढचे आकडे येत नव्हते म्हणून थांबला.

“काय करावं याचं?” डॉक्टरांनी विचारलं.

“सगळे काढा,” पोरगं म्हणालं.

तासाभरानं त्या पोराची किडलेली दाढ निघाली. हिरडीत सुई टोचून घेताना तो थोडा रडला, पण जागचा हलला नाही. मी कोपऱ्यात हात बांधून बसलेली. माझी पिशवीसुद्धा उघडली नव्हती. चिडून म्हटलं, “मला कशाला बोलावलंत मग?”

“तुमी बसलात म्हणून मला घाई न्हवती,” ते म्हणाले. “झोपवायची सोय हाय म्हणलं की धीर धरता येतो. सोय नसली की माणूस चिडतो, आन् चिडला की धरतो.”

माझी फी मात्र त्यांनी पूर्ण दिली. नुसतं बसून राहण्याची फी मला त्याआधी कुणी दिली नव्हती आणि नंतरही दिली नाही.

एवढ्यावरून कुणाला वाटेल की मोठा देवमाणूस असावा. कसला देवमाणूस! अत्यंत तिरसट, कपड्यांचा गबाळा आणि एक नंबरचा भित्रा. त्यांची स्वतःची अक्कलदाढ किडून पोखरली होती, वर्षातून दोनदा गाल फुगायचा, पण कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. लवंग दाबून, डोक्याला मफलर बांधून दुसऱ्यांचे दात काढायचे. मी म्हटलं, “मी झोपवते, बीडहून कुणाला तरी बोलावू.” तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी सुरा काढलाय. “बाई, माजी चेष्टा करू नका,” म्हणाले आणि दोन दिवस बोलले नाहीत.

भुलेबद्दल त्यांचं एक भाषण ठरलेलं होतं. पोरांच्या आईबापांना बाकावर बसवून ते द्यायचे. “भूल तीन जातीची असती. एक तोंडाची, एक बाटलीची, एक सुईची. तोंडाची फुकट हाय, म्हणून कुणी वापरत न्हाई. बाटलीची गोड असती, म्हणून लोक जास्ती वापरतेत. सुईची ह्या बाईंकडं हाय, आन् ती मी म्हणल तवाच.”

बाटलीची भूल म्हणजे सरबतासारखं औषध. ते पोटात गेलं की पोर झोपत नाही, पण गुंगतं, भीती कमी होते. ते आधी पालकांकडे घरी द्यायचे, निघायच्या तासभर आधी पाजा म्हणून. युसूफ वडगावची एक आजी ती बाटली घेऊन गेली. ठरल्या दिवशी जीपमधून दोघांनी उचलून वर आणली ती आजीच. तोंड उघडं, घोरणं जिन्याखालपर्यंत. नातू टक्क जागा, शेंगदाणे खात मागून चालत आला.

“काय झालं बे?” डॉक्टरांनी तिच्या मुलाला विचारलं.

“काय सांगू डॉक्टर, मायनं आदी चाखून बघितलं. लेकराला कडू लागंल का काय म्हणून. मंग गोड लागलं. तिला चार वर्षं झाली झोप येत न्हवती. तिनं समदंच पेलं.”

मी धावत जाऊन नाडी बघितली, श्वास बघितला. ठणठणीत होती. संध्याकाळी उठली आणि अजून एक बाटली मिळेल का म्हणून विचारलं. त्या दिवसापासून बाटली दवाखान्याबाहेर गेली नाही. आमच्या डोळ्यांसमोर चमच्यानं पाजायची.

ते दिवसच तसे होते. देशात नवीन काहीबाही शिरत होतं. घरोघर केबल आली, पानटपरीवर चकाकत्या कागदातली चॉकलेटं लटकायला लागली, आणि जिथं पूर्वी जत्रेतल्या गोडीशेवेवर भागायचं तिथं पोरं रोज चिकट गोळ्या चघळायला लागली. डॉक्टर खिडकीतून टपरीकडे बघून म्हणायचे, “सरकारनं दार उघडलं, आन् पयलं काय आत आलं? माजं गिऱ्हाईक!”

त्याच दारातून एक टाय लावलेला सेल्समनही आला, पुण्याहून, हसवणाऱ्या वायूचं मशीन घेऊन. नाकावर मास्क लावायचा, पोर हसत हसत दात काढून घेतं, वगैरे. रंगीत कागद दाखवले. डॉक्टर म्हणाले, “छान हाय. बसा खुर्चीत.” सेल्समन टाय सैल करत बसला. सिलिंडर मी तपासला, प्राणवायू किती, तो वायू किती, ते बघून मास्क लावला. पाच मिनिटांत गडी असा खिदळायला लागला की खालची हमाल मंडळी जिन्यात जमली.

“आता सांगा,” डॉक्टर म्हणाले, “सिलिंडर संपल्यावर भरून कुठं मिळतो?”

“मिळत नाही!” सेल्समन हसून लोळला. “मुंबईला पाठवावा लागतो! महिना लागतो!”

“आन् मशीन बिघडलं तर?”

“मलाच फोन करा! मला काही कळत नाही!”

मी प्राणवायू देऊन त्याला नीट भानावर आणला. त्यानं कागद गोळा केले आणि पाणीही न पिता गेला. डॉक्टरांना मात्र मशीन आवडलं होतं. बरेच दिवस म्हणत होते, “बाई, चीज लई भारी होती. आपल्या गावालाच त्याची लायकी न्हाई.”

आता गौराचं सांगते. हे सगळं तिच्यासाठीच लिहायला घेतलंय, नाहीतर हसण्यावारी नेऊन थांबले असते.

गौरा आमच्या घरमालकांची नात. घरमालक म्हणजे खालचे आडतवाले, आप्पा. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आवाज मोंढ्यातल्या धान्याच्या लिलावाचा. गौरा सात वर्षांची. तिची खालची दाढ किडून गालावर लिंबाएवढी सूज आली होती. डॉक्टर माडीवर असताना आप्पांनी तिला आधी दुसरीकडे नेलं होतं, कारण वेड्याच्या हाती नातीला कोण देणार? तिथं चौघांनी धरलं. तिनं तिथल्या डॉक्टरचं बोट चावून फोडलं आणि दाढ राहिली तशीच. त्या दिवसापासून पोरगी पुरुषमाणसासमोर तोंडच उघडेना. बोलायला नाही, घास घ्यायलाही नाही. पंधरवडा ती न्हाणीघरात दार लावून पेज प्यायची.

शेवटी आप्पा माडी चढून आले. डॉक्टरांनी तीन दिवस तोंडाची भूल चालवली. गौराबाईसाहेब म्हणून झालं, आप्पांना खुर्चीत आडवं करून झालं, पण तिनं ओठ आवळले ते आवळलेच. बाटलीतलं औषध चमच्यानं ओठांपर्यंत नेलं, तर आत जाईना. सूज वाढत होती, रात्री ताप येत होता. विष गळ्याकडे उतरलं असतं तर पोर हातची गेली असती. तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, “बाई, आता सुई.”

सुईची भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. झोपेत उलटी झाली तर अन्न श्वासनळीत जातं आणि माणूस गुदमरतो. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली: सकाळपासून काही खायला-प्यायला देऊ नये. अकराला ठरवलं.

माझी ती तिथली पहिली मोठी केस. इतके दिवस कोपऱ्यात बसून फी घेतली होती, आज मला दाखवायचं होतं. घरचे सगळे वर आले. आप्पा, गौराची अव्वा म्हणजे आजी, तिची आई. मी विचारलं, “काही खाल्लंय का हिनं?”

“न्हाई,” आई म्हणाली.

“पाणी?”

“थेंब न्हाई,” अव्वा म्हणाली.

“नक्की?”

“म्हादेवाच्यान् न्हाई!” आप्पा म्हणाले. “आमी काय खोटं बोलतो का?”

झालं. तीनदा विचारलं, तीनदा उत्तर मिळालं. मी सिरिंज भरली, गौराचा दंड स्पिरिटनं पुसला.

“बाई, थांबा,” डॉक्टर म्हणाले.

ते गौराच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले, पाठ तिच्याकडे करून. पुरुषाचं तोंड दिसलं की ती ओठ आवळायची, म्हणून भिंतीकडे बघत बोलायला लागले. “गौराबाई, आज मोठ्या कामाला निघालात. निघताना कुणाकुणाच्या पाया पडलात?”

मग बारीक आवाज आला, “अव्वाच्या.”

पंधरा दिवसांत तिनं घराबाहेर उच्चारलेला तो पहिला शब्द. तिच्या आईनं तोंडाला पदर लावला.

“मग अव्वानं हातावर काय ठेवलं?”

“दही-साखर.”

“वा! आन् मंग देवळात?”

“पेढा. आन् केळं. पुजाऱ्यानं कुस्करून दिलं. खांबाआड खाल्लं.”

“आन् मावशीकडं गेलतात का?”

“मावशीनं च्यात बुडवून खारी दिली. मऊ करून. दोन.”

मी सिरिंज धरून उभी. अव्वा म्हणाली, “अवो, दही-साखर म्हंजे काय खाणं हाय का? शकुन हाय त्यो. आन् परसादाला नको कसं म्हणायचं?” आणि ती अजिबात खोटं बोलत नव्हती. त्या घरात भाकरी खाल्ली तरच खाल्लं. बाकी सगळं एक तर देवाचं असतं, नाही तर मावशीचं.

खोटं कशाला बोलू, मला हे कळायला हवं होतं. मी बीडच्याच घरातली सून. त्या दिवशी सकाळी निघताना माझ्या सासूबाईंनी माझ्याही तळहातावर दही-साखर ठेवली होती. मी ती चाटून एसटीत बसले आणि गेवराईत उतरल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काही खाल्लंत का, तर मी म्हणाले, सकाळपासून काहीच नाही.

आप्पा तोवर भडकले होते. “मंग आता काय? मी मुहूर्त बघून आणलंय! द्या सुई! एवढ्याश्या दह्यानं काय होतंय?” ते ओरडले तशी गौरा दचकली, कापायला लागली, आणि भडाभडा ओकली. दही, केळं, खारी, सगळं माझ्या साडीवर. कितीतरी होतं. एवढ्याशा पोटात एवढं मावतं कसं, असं वाटावं इतकं.

माझ्या हातात भरलेली सिरिंज होती. अजून एक मिनिट गेलं असतं तर हे सगळं झोपेत वर आलं असतं. मी ती खाली ठेवली.

“कुणाची चूक ही?” आप्पांनी विचारलं. “इचारायचं काम कुणाचं होतं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गौराची आईसुद्धा.

“माजी,” डॉक्टर म्हणाले. “चिठ्ठी मी लिवली. परसाद, शकुन, च्या, समदं लिवायला पायजे होतं. बाईंचा काय संबंध? बाईंनी तीनदा इचारलं.”

“तुमी माज्या नातीला मारत होता!”

“हो,” डॉक्टर म्हणाले. “थोडक्यात राहिलं.”

असं कोण म्हणतं? जगातला कुठलाही डॉक्टर असं म्हणत नाही. आप्पांना बोलायला जागाच राहिली नाही, म्हणून ते जास्तच चिडले. “दिवाळीपर्यंत माडी खाली करा,” म्हणाले. डॉक्टर बरं म्हणाले. मग फडकं घेऊन जमीन पुसायला बसले, आणि मला म्हणाले, “जा, साडी धुवून या. पाचला करू.”

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. नळाखाली पदर धुत राहिले.

आठ तास उपाशी ठेवायला हवं होतं, पण तेवढं ती सूज थांबू देत नव्हती. तिथून पुढे सहा तास आम्ही पोरीवर डोळा ठेवून बसलो. पाणी नाही, प्रसाद नाही, मावशीला तर जिन्यातूनच परत पाठवलं. पाच वाजून गेल्यावर मी सुई दिली. गौरा आईचं बोट धरून झोपली. मी तिची हनुवटी वर उचलून धरली, नाडीवर बोट, नजर छातीवर. डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी न बोलता काम केलं. दाढ निघाली, पू निघाला, वाटीभर. बऱ्याच वेळानं पोरीनं डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि आप्पांसमोर, डॉक्टरांसमोर, सगळ्यांसमोर तोंड उघडून म्हणाली, “अव्वा, भूक लागली.”

आप्पा लहान पोरासारखे रडले. पण दिलेला शब्द मागे घेतला नाही. मोंढ्यातला माणूस, एकदा बोली झाली की झाली.

दिवाळीनंतर डॉक्टर बाजारतळाजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये गेले. दुपारी आत भट्टी पेटायची. मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा त्यांच्या अंगावरून घाम ओघळत होता आणि मला राहवेना. म्हटलं, “मी आप्पांना जाऊन सांगते. विचारायचं काम माझं होतं. चूक माझी होती. तुम्ही का घेतली अंगावर? मला कीव नको होती तुमची.”

“कीव?” ते खरोखर चकित झाले. “कीव कावून करू तुमची? तुमी काय लेकरू हायेत का?”

“मग?”

त्यांनी हातातला आरसा पुसून ठेवला. “बाई, त्या टायमाला पोरीची माय तुमच्या तोंडाकडं बघत होती. पाच वाजता तिला पोरगी परत तुमच्याच हातात द्यायची होती. मी म्हणलो असतो, चूक बाईची हाय, तर तिनं दिली असती का? न्हाई. उचलून घरी नेली असती. मंग दुसऱ्या दिवशी सूज वाढली असती, आन् चौघांनी परत धरलं असतं. ह्या बारीला तिनं बोट फोडायला पण तोंड उघडलं नसतं.” आरसा परत उचलत म्हणाले, “माडी काय, कुठंबी घावती.”

मला रडू आवरेना. पदर तोंडाला लावून उभी राहिले. ते अस्वस्थ होऊन दाराकडे बघायला लागले. बाहेर बाकावर तीन पोरं आणि त्यांचे बाप बसले होते, सगळे माना लांब करून आत बघत होते.

“पुसा ते डोळे,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “त्यांना वाटंल, मी तुमाला धरलं.”